चौथ्या गावची फळी

मला नोकरी लागली ती खोटं न बोलता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं की मी थाप मारली होती, आणि दोन दिवस तर माझं मलाच वाटायला लागलं होतं.

आमची कंपनी हैदराबादेत आबिड्सला, पोस्टाच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. कंपनी म्हणजे चौदा माणसं, अकरा कॉम्प्युटर आणि जिन्यात खालच्या कापडवाल्याचे गठ्ठे. बाहेरच्या देशातले लोक त्यांचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम आमच्याकडे पाठवायचे. नव्या, मोठ्या पडद्यांवर ती जुनी चित्रं ठोकळे-ठोकळे दिसायची. आम्ही ती नव्याने काढायची, आवाज साफ करायचे, पण खेळ मात्र होता तसाच ठेवायचा. उडी तेवढीच, वेग तोच. "पेंट करना, दीवार नै हिलाना," असं आमचा लीड रोज एकदा तरी सांगायचा. लीड म्हणजे आमच्या कामाचा मुकादम. वारंगलकडचा तेलुगू माणूस, पण ऑफिसात दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत बोलायचा.

त्या वेळी हाती आलेला गेम पोस्टमनचा होता. खांद्यावर पिशवी घेतलेला एक बुटका पोस्टमन, आठ गावं, वाटेत सांडलेली पत्रं गोळा करत पळायचं. मुलाखतीत लीडने विचारलं, हा कधी खेळलीस का? मी म्हटलं, खेळले काय, आठही गावं संपवलीत.

"खतम करे? सच्ची में?" तो खुर्चीतून पुढे झुकला. त्याला स्वतःला चौथ्या गावची नदी कधी ओलांडता आली नव्हती.

बस, तेवढ्यावर मला घेतलं. टेस्टर म्हणून, सहा महिन्यांच्या बोलीवर. टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर खेळायचं आणि कुठे काय बिघडलंय ते लिहून काढायचं.

घरी हे सांगितलं तेव्हा आई हसली, बाबा नाही. बाबा शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या खात्यात होते. आमचे लोक मूळचे परभणीकडचे, शेतकरी. शिकलेला पोरगा हैदराबादला जातो, ही आमच्याकडे निजामाच्या वेळेपासूनची रीत, तसे बाबा आले आणि नल्लकुंट्याला राहिले. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे हजेरी, शिट्टी आणि पेन्शन. खेळायची नोकरी त्यांच्या डोक्यात बसेना. शेवटी म्हणाले, "सहा महिने बघ. पक्की झालीस तर ठीक. नाही झालीस तर परभणीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत जागा आहे. माझा मित्र तिथे कमिटीवर आहे, तो धरून ठेवील."

मला परभणी नको होती. मामा-मावश्यांकडे राहून, साडीची निरी सांभाळत परीक्षानळ्या धुवायच्या, आणि मग कुणीतरी स्थळ आणायचं. मला हैदराबाद हवं होतं. मला तो तिसरा मजला हवा होता. सहा महिन्यांत पक्कं व्हायचंच, असं मी ठरवून टाकलं.

आता ही नदी काय भानगड आहे, ते सांगते.

मी बारा वर्षांची असताना आबिड्सच्या दुकानांतून टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्या यायला लागल्या होत्या. बाजार नुकता उघडला होता, आणि कुठल्या कुठल्या देशांचा माल काचेमागे येऊन बसला होता. बाबांनी कधी नव्हे ते बोनसमधून एक डबी आणली आणि सोबत पोस्टमनची कॅसेट, म्हणजे डबीत खोचायचा गेम. आम्ही तिला कॅसेटच म्हणायचो. ती अर्थातच नक्कल होती. खरी आमच्याकडे कुणी बघितलीसुद्धा नव्हती.

डबी माझ्यासाठी आणली होती, पण खेळायला लागली आई. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की ही पदर खोचून टीव्हीसमोर बसायची. पोस्टमनने उडी मारली की तीही जागच्या जागी उडी मारायची. बांगड्यांचा आवाज शेजारच्या तेलुगू काकूंपर्यंत जायचा. पहिली तीन गावं तिने महिन्याभरात घातली खिशात. आणि चौथ्या गावाला नदी आली.

नदीत दोन खडक. पहिल्यावर जाता यायचं. दुसऱ्याच्या अगदी कडेच्या बोटभर जागेवरून उडी टाकली तर पलीकडे, नाहीतर पाण्यात. आई दीड-दोन महिने रोज पाण्यात पडली. मीही पडले. आई जेवताना बाबांना सांगायची, "आजबी बुडाला मेला." बाबा भाकरी मोडत "हं" म्हणायचे.

आणि एके दिवशी शाळेतून आले तर आई दारातच उभी. "ओलांडली!" म्हणाली. तशीच गच्चीच्या कठड्याशी जाऊन काकूंना त्यांच्या तेलुगूत ओरडून सांगितलं, "दाटेशा! दाटेशा!" त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

झालं होतं असं की दुसऱ्या खडकापासून पलीकडच्या काठापर्यंत एक फळी आली होती. बारीक, तपकिरी. आधी नसलेली फळी आली कशी? आईनेच शोध लावला. त्या दिवशी तिने पहिल्या तीन गावांतलं एकही पत्र सोडलं नव्हतं. म्हणजे सगळी पत्रं गोळा केली की पोस्टमनला फळी मिळते. आणि एकदा मिळाली की कायमची मिळते, कारण दुसऱ्या दिवशी मी दोन पत्रं सोडली तरी ती होतीच. गल्लीतल्या एका मुलाकडेही तोच गेम होता. तो म्हणायचा, माझ्याकडे फळीबिळी येत नाही. आम्ही म्हणायचो, तू पत्रं सोडली असशील लेका.

आमच्या घरात हे असं कायम झालं. पाहुण्यांना सांगायची गोष्ट झाली ती. हिने नदी ओलांडली, आणि तेही इमानदारीने, एक पत्र न सोडता.

ऑफिसात पहिले साडेचार महिने मी दुसरेच गेम तपासले; मग पोस्टमनचा लावला आणि पहिल्याच दिवशी नदीवर आले. सगळी पत्रं घेऊन. फळी नाही.

म्हटलं, सुटलं असेल एखादं. पुन्हा खेळले. कागदावर प्रत्येक गावातलं प्रत्येक पत्र मांडलं, खुणा केल्या. झाडामागचं, विहिरीतलं, घंटेवरचं. दोन आठवडे, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. फळी येईना. लीड मागे येऊन उभा राहायचा आणि मान हलवून जायचा. सहा महिन्यांतले पाच संपत आले होते आणि माझा पोस्टमन पाण्यात.

तेव्हा मला वाटलं, चूक माझी नाहीच. गेमवाल्या परदेशी कंपनीने पाठवलेला गेमच खराब आहे. त्या कंपनीने आधीच कळवलं होतं की इमारत बदलताना त्यांचे जुने कागद हरवले, काहीच शिल्लक नाही, आहे तो तयार गेम बघून तुम्हीच काय ते करा. मग ज्यांनी कागद हरवले त्यांनी फळी नसेल हरवली? मी लीडला सांगितलं. त्यालाही बरं वाटलं. इतकी वर्षं तो ती नदी पार करू शकला नव्हता, त्याचं कारण सापडलं म्हणून.

आम्ही पत्र लिहिलं. लिहिलं मीच. तुमच्या प्रतीत दोष आहे. सर्व पत्रं गोळा करूनही चौथ्या गावी फळी येत नाही. कृपया चांगली प्रत पाठवावी. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी ऑफिसातल्या चित्रकाराकडून नव्या चित्रांत फळी रंगवून घेतली, दोन खिळ्यांसकट, आणि नमुना म्हणून सोबत जोडली.

गुरुवारी उत्तर आलं. तीन ओळी. आमच्या गेममध्ये तिथे फळी कधीच नव्हती. जुने खेळाडू हा गेम ओळखतात ते त्या उडीमुळेच. तुमच्याकडच्या ज्या व्यक्तीने हे लिहिलं आहे, तिने आमचा गेम कधी खेळला आहे का?

तोंडात मारल्यासारखं झालं. ज्यांनी गेम केला त्यांनाच मी सांगत होते, तुमचा गेम चुकलाय! डायरेक्टर साहेब फारसं कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांनी केबिनच्या दारातून एवढंच सांगितलं, "मंडे को मिलना मेरे से." सहा महिने त्याच आठवड्यात भरत होते. लीड माझ्याकडे बघेना. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की ही पोरगी मुलाखतीत खोटं बोलली आणि मी फसलो.

मला रडू आलं नाही, राग आला. अरे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय फळी! त्यावरून शेकडो वेळा चाललेय! पण रागाच्या खाली एक कुतूहलही होतं, खरं सांगते. माझी नोकरी जायची पाळी आली होती आणि माझं मन विचारत होतं, मग ती फळी आली कुठून?

शुक्रवारी सकाळी मी पलंगाखालच्या पेटीतून ती जुनी डबी काढली आणि पिशवीत घालून बसने ऑफिसात नेली. सगळे जमले. कॅसेट दोनदा फुंकली, लावली. पहिलं गाव, दुसरं, तिसरं. चौथं. आणि फळी! मी मुद्दाम एकही पत्र न घेता आले होते, तरी फळी तिथे होतीच. पोस्टमन टुकूटुकू तिच्यावरून पलीकडे गेला. लीडने माझ्या खांद्यावर थाप मारली. मग कॅसेटकडे बोट करून म्हणाला, "खोल इसे."

स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी, तिच्यावर दोन चिपा. एक कारखान्यातून आल्यासारखी, गुळगुळीत. दुसरीचे टाके हाताने घातलेले होते, आणि तिच्यावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवलेला होता. लीडने भिंग धरलं. "ये क्या लिखा सो है? तुमारी भाषा दिखरी."

मी वाचलं. "फळी. खेप १९."

ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. आमच्या घरातल्या प्रत्येक बटणावर ते आहे: पंखा, ट्यूब, मोरी. आडवी रेघ शेवटी किंचित वर जाते. ते बाबांचं अक्षर होतं.

संध्याकाळी घरी आले. बाबा खुर्चीत बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मी कॅसेट त्यांच्यासमोर उघडी ठेवली आणि विचारलं, हे काय आहे? त्यांनी बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले. माझ्या बापाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा बघत होते.

"तुला कुणी उघडायला सांगितलं?" म्हणाले. मग मी ऑफिसातलं सगळं सांगितलं. पत्र, उत्तर, सोमवार. ते ऐकून त्यांनी दाभण खाली ठेवलं.

"तुझी आई रोज पडायची," म्हणाले. "मला बघवेना."

मग एकेक निघालं. कारखान्यात चिपमध्ये आकडे भरायचं मशीन होतं. कॅसेटमधली चिप काढून बाबांनी त्यातले आकडे वाचून घेतले. हजारो आकडे, आणि कुठला आकडा म्हणजे काय, हे सांगणारा कागद कुठेच नाही. मग एक आकडा बदलायचा, चिप भरायची, घरी आणून लावायची आणि बघायचं काय हललं. एकदा झाड आभाळात गेलं. एकदा पोस्टमनचं डोकं विहिरीत. एकदा सगळं गावच गायब. आई सकाळी नळाला गेली की तेवढ्या वेळात बघायचे. पुन्हा वापरायची तर चिप पुसावी लागते, त्याला खास दिवा लागतो. तो कारखान्यात होता, पण त्यावर सही करावी लागायची. म्हणून बाबा चिपा गच्चीवर उन्हात ठेवायचे, आईच्या पापडांच्या शेजारी. मेच्या उन्हात आठवड्याभरात पुसल्या जायच्या. अशा अठरा खेपा फुकट गेल्या.

मी ऐकतच राहिले. माझ्या ऑफिसात चौदा माणसं जे करत होती, ते या माणसाने एकट्याने जेवणाच्या सुट्टीत केलं होतं, आणि दहा-बारा वर्षं चकार शब्द काढला नव्हता.

"सांगितलं का नाहीत?"

"मशीन सरकारी होतं," बाबा म्हणाले. "आयुष्यात एवढी एकच चोरी केली."

आई स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नाही. हाताला पीठ तसंच होतं.

"म्हणजे पत्रांनी नाही आली ती?" तिने विचारलं.

बाबा उघड्या कॅसेटचं झाकण लावायला लागले.

"म्हणजे मी ओलांडलीच नव्हती." ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "अख्ख्या गल्लीला सांगत फिरले मी. शिरा केला. आणि तुम्ही बसून खाल्लात."

"तुझा जीव रमत होता, म्हणून..."

"अहो, मी पडत होते तर पडू द्यायचं होतं. मला काय लागत होतं का? महिन्याभरात जमलं असतं मला. माझं मला जमलं असतं." तिने हाताचं पीठ झटकलं. "आणि पोरीचंबी तेच चाललंय तुमचं. तिने अजून उडी मारली नाही, की तुम्ही तिकडं परभणीला जागा धरून बसलेत."

ती आत गेली आणि पोळपाटाचा आवाज जरा जास्तच यायला लागला. बाबांनी चप्पल पुन्हा हातात घेतली, पण शिवली नाही.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस होतं. मी त्या कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. तुमच्या गेममध्ये दोष नाही, दोष माझ्या समजुतीत होता. माझ्या आईला तुमची नदी ओलांडता येत नव्हती म्हणून माझ्या वडिलांनी तिथे फळी टाकली, आणि आम्हाला वाटलं ती तुम्हीच दिली. मी तुमचा गेम खेळलेली नाही. मी आमच्या घरचा गेम खेळले आहे. माफ करा. निघताना बाबा म्हणाले होते, मशीन कारखान्याचं होतं तेही लिही. ते मात्र मी लिहिलं नाही. त्यांची तीन वर्षं राहिली होती नोकरीची.

पत्र गेलं आणि मला सोमवारची भीती वाटायला लागली. माफी मागितली म्हणजे मी फसवलं हे कबूलच केलं की. मुलाखतीत "आठही गावं संपवली" म्हटलं होतं, ते आता खोटंच ठरत होतं.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. मला म्हणाले, चल. आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. त्यांनी खिशातल्या डायरीतून नंबर काढला आणि परभणीला मित्राला लावला. तब्येतपाण्याचं झालं, पाऊसपाण्याचं झालं. मग म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. नाही, नाही, तिचं इकडं ठरलं वगैरे काही नाही अजून. पण तिची वाट बघू नका."

फोन ठेवला. मी तिथेच, त्या काचेच्या खोक्यात, तडकले. "बाबा! अहो निकाल उद्या आहे! उद्या मला काढलं तर?"

"तर दुसरीकडे बघशील," म्हणाले आणि बूथवाल्याकडे वळले.

घरी येईपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिले. हा कसला हट्ट, आईने एक शब्द टाकला म्हणून लेकीला उघड्यावर सोडायचं? रात्री जेवले नाही. आईनेही आग्रह केला नाही.

सोमवारी डायरेक्टर साहेबांनी समोर बसवलं. माझ्या दुसऱ्या पत्राची प्रत त्यांच्या टेबलावर होती, आणि त्याच्या शेजारी माझा तो कागद, ज्यावर मी गावोगावची पत्रं मांडली होती. त्यांनी पत्राबद्दल काही विचारलं नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "दो हफ्ते एकीच नदी पे बैठे तुम?" मी म्हटलं, हो. म्हणाले, टेस्टर लोक दोन दिवसांत कंटाळतात, न बघताच सगळं ठीक म्हणून लिहून देतात. "इत्ता सबर होना टेस्टर में." मग विचारलं, ती नवी रंगवलेली फळी ठेवायची का, ज्यांना सोपं हवंय त्यांच्यासाठी? मी म्हटलं, नको. हे म्हणताना मला आईचा चेहरा दिसत होता. त्यांनी मान डोलावली आणि मला पक्कं केल्याच्या कागदावर सही केली.

बसमधून उतरले ती घरापर्यंत धावतच आले. आईने कागद हातात घेतला, इंग्रजीतला म्हणून वाचला नाही, पण देवापुढे नेऊन ठेवला. बाबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

"मला वाटलं होतं, काढतील," बाबा म्हणाले.

माझा कालचा राग परत उसळला. "असं वाटत होतं, तरी परभणीला फोन केलात?"

"हो."

"का पण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शेजारच्या काकूंच्या गेटकडे बघत म्हणाले, "तुला पडलेलं मला बघवलं नसतं. जागा राहिली असती तर मी तुला पाठवलं असतं."